चार बोटं झोळ

“अहो, पुरे करा आता! पट्टा आहे तो, तबला नाही!”

मी ओरडले, पण ऐकतंय कोण! दसऱ्याच्या आदल्या दिवशी, उन्हं कलली तरी आमचे हे शिवडीच्या शेडमध्ये भुईवर उकिडवे बसून मशीनच्या रबरी पट्ट्यावर थापा मारत होते. एक थाप मारायची, कान पुढे करायचा, तोंड वाकडं करायचं, की पुन्हा थाप. मी लालबागहून डबा घेऊन आलेली. डब्यातलं काळ्या वाटाण्याचं सांबारं निवून गेलं, तरी ह्यांना त्याची शुद्ध नाही.

“भद्द वाजतोय गं,” हे म्हणाले. “ऐक. भद्द! उद्या चारचौघांत असा वाजला तर काय म्हणतील? जयवंत घाडीने पट्टा चढवलाय की गोधडी वाळत घातलीय?”

“नाखवांनी सांगितलंय ना, चार बोटं झोळ ठेवायचा म्हणून?”

“नाखवा बोटींच्या इंजिनातला माणूस. पट्ट्यातलं त्याला काय कळतं?”

आणि घेतला की पाना! ताणाचा तो मोठा बोल्ट करकर करकर आवळला आणि वर एक थाप मारली. टण्ण! पट्टा असा वाजला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथलाही आवळला. ह्यांच्या तोंडावर असं काही समाधान पसरलं की मीही गप्प बसले. खरं सांगू? मलाही तो आवाज आवडला. ह्यांच्या जुन्या मिलमधला आवाज होता तो.

मशीन भात कापायचं. जपानहून जुनं झालेलं जहाजातून यायचं आणि शिवडी बंदराजवळ तुळशीदास नाखवांच्या शेडमध्ये नीट होऊन गावोगाव जायचं. नाखवा शीव कोळीवाड्यातले. आधी मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, मग ह्या धंद्यात पडले. भाताच्या चिखलात टायर रुततात, म्हणून ह्या मशीनला टायरच नसतात. दोन्ही बाजूंना रबराचे हे रुंद जाड पट्टे, पोटात पोलादी तारा. मागच्या दातेरी चाकाने पट्टा ओढायचा, पुढच्या चाकाने ताणून धरायचा, आणि मध्ये रोलरवर सगळं वजन. जुने पट्टे भेगाळले की ते उतरवून नवे चढवायचे, हे आमच्या ह्यांचं काम. गिरण्यांच्या संपाला वीस-बावीस वर्षं उलटून गेली होती. मधल्या काळात ह्यांनी भाजी विकली, वॉचमनकी केली, लग्नात वाढप्याचं काम केलं. पण ह्या शेडमध्ये पट्ट्याला हात लागला, तेव्हा कुठे माणूस पुन्हा पूर्वीसारखा शीळ घालत जिना चढायला लागला.

नाखवांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “जयवंता, गिरणीचा पट्टा हवेत फिरतो, ह्यो मातीत फिरतो. माती आत जानार, तिला जागा नको? मधी चार बोटं झोळ ठेवायचा. इसरू नको.” आणि दोन वर्षं हे विसरले नव्हते. नेमके ह्याच मशीनला विसरले. विसरले कसले, ऐकलं नाही!

कारण हे मशीन आमच्या गावाला जायचं होतं. गावातली तरणी पोरं सगळी मुंबईला, भात कापायला हातच नाहीत, म्हणून गावाने मिळून हे मशीन घेतलं होतं. ते न्यायला ह्यांचा चुलतभाऊ कुशाबा आला होता. मशीन चालवायलाही तो शिकला होता. गावचं मशीन म्हटल्यावर ह्यांना काय अवसान चढलं! नाखवांना म्हणाले, “दसऱ्याला शेडमध्ये पूजा मांडू. नारळ फोडल्याशिवाय मशीनचा पहिला फेरा नाही. आमच्या मिलमध्ये तसंच असायचं.”

“आधी चालवून बघितलं आसतं तर बरं झालं आसतं,” नाखवा म्हणाले. पण बोट पाण्यात घालताना ते तरी नारळाशिवाय कुठे घालतात? झाले तयार.

आणि ह्यांनी सगळ्या चाळीला आमंत्रण दिलं! संप झाल्यापासून ज्या माणसाने दसऱ्याला घरात साधी विळीसुद्धा पुजू दिली नव्हती, तो दारोदार जाऊन सांगत होता, “यायचं हां. बायकापोरांना घेऊन यायचं.”

मला तो एक्याऐंशीचा दसरा आठवला. वर्षातून त्याच दिवशी मिल आम्हा बायकांसाठी उघडी असायची. मी नवी नवरी, नऊवारी सावरत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या खात्यात गेले. प्रत्येक साच्याला झेंडूची माळ. वर आढ्याला तो लांबलचक दांडा, त्यावरून खाली उतरणारे शेकडो पट्टे. नारळ फुटला, दांडा फिरला आणि असा काही दणका उठला की मी कानावर हात घेतले. त्या दणक्यात माणसं बोलतच नव्हती. हातवारे करायची! एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ह्यांचे जोडीदार दगडू परब, आणि दोघांच्या बोटांचं काय काय चाललेलं. पट्टे सांधायचे, चढवायचे, थाप मारून ताण ऐकायचा, ही दोघांची जोडी खात्यात नावाजलेली. निघताना दगडूभावजींनी लांबून एक बोट वर केलं. ह्यांनीही केलं.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“उद्या पहिली पाळी,” हे हसून म्हणाले.

पुढच्या जानेवारीत संप झाला. वर्षभराने मिल थोडीथोडी उघडली, तेव्हा दगडूभावजी आत गेले. त्यांची आई के.ई.एम. हॉस्पिटलात पडून होती, दुसरा इलाज नव्हता. संप मोडणाऱ्यांना लॉरीत भरून आत नेत, आणि गेटवर हे उभे होते. लॉरीच्या फळ्यांमधून दगडूभावजींनी ह्यांना पाहिलं, ह्यांनी त्यांना पाहिलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, ते बंदच. पुढे मिलही मेली आणि आत गेलेलेही बाहेर आले, पण ह्यांच्या तोंडून त्यांचं नाव कधी आलं नाही.

तर दसऱ्याची सकाळ. काय माणसं जमली होती! आमची चाळ, शेजारची चाळ, मिलमधले जुने लोक काठ्या टेकत आलेले. साच्यांच्या खात्याचे मुकादम गणपत जॉबर तर पांढरं धोतर नेसून आलेले. माझ्या शेजारच्या गंगुबाईने ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. मशीनला झेंडूच्या माळा, पुढे केळीचे खांब. देवीच्या तसबिरीपुढे शेडमधलं एकूण एक हत्यार मांडलेलं. पाने, हातोडे, जॅक, पहारी, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून. हे नवा सदरा घालून इकडून तिकडे असे पळत होते, जणू घरात लग्न आहे.

“शेवंते, बघ गं, सगळे आले!” माझ्या कानाशी येऊन म्हणाले. डोळे पाण्याने भरलेले. मी म्हटलं, “आधी घाम पुसा.”

आरती झाली, नारळ फुटला. कुशाबा मशीनवर चढला. इंजिन धडधडलं, तसा सगळ्यांनी ‘अंबाबाईचा उदो’ केला. मशीन हललं! दोन हात पुढे गेलं, तीन हात गेलं...

आणि किंचाळलं.

अंगावर काटा यावा असा आवाज. पट्टे थरथरायला लागले, इंजिन गुदमरलं, पुढच्या चाकापाशी धूर दिसला. जळक्या रबराचा वास सुटला आणि बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या.

“बंद कर! बंद कर र!” नाखवा धावले. त्यांनी चाकाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग पट्टा वर उचलून बघितला. तसूभर हलेना. “जयवंता, झोळ किती ठेवलास?”

हे मशीनवरची झेंडूची माळ सारखी करायला लागले.

“आरं, इचारतोय काय?”

“आवळला,” हे म्हणाले.

“कशापायी?”

“वाजत नव्हता.”

नाखवांनी कपाळावर हात मारला. रागवावं की काय करावं, त्यांनाही कळेना. “असाच चालवला तर आतली तार तुटंल. मंग पट्टा गेला. दुसरी जोडी नाय आपल्याकडं. सोड ढिला, आन काय! पाना घे.”

पाना! सगळ्यांच्या माना एकदम देवीच्या तसबिरीकडे वळल्या. पाने पूजेत मांडलेले. त्यांच्यावर हळदकुंकू, फुलं, अक्षता.

“जयवंता, हात लावायचा नाही हां,” गणपत जॉबर काठी उचलून म्हणाले. “पूजेतलं हत्यार उद्याच्या उत्तरपूजेशिवाय उचलायचं नाही. जन्मभर पाळलंय आपण.”

“मला सांगता, जॉबर?” हे म्हणाले. आवाज अगदी बारीक झालेला.

नाखवांनी फोन लावायला सुरुवात केली. माझगावच्या गॅरेजला लावला, दारुखान्यात लावला, कॉटन ग्रीनला लावला. जिथे तिथे तेच. दसरा ना! अख्ख्या मुंबईचे पाने हळदकुंकू लावून बसलेले.

कुशाबा मशीनवरून उतरला. “दादा, ट्रेलरवालो संध्याकाळी सुटतलो. तो काय उद्यापर्यंत थांबाचो नाय. भात पिकान उभा आसा. पावस इलो तर आडवा पडतला. गावाक काय सांगू मी?”

हे शेडच्या पायरीवर जाऊन बसले. गुडघ्यांमध्ये मान घालून. संपात घरात दाणा नव्हता, तेव्हासुद्धा हा माणूस असा बसला नव्हता. एवढ्या हौसेने बोलावलेली माणसं, आता हळूहळू चपला शोधायला लागलेली. बोलावणाऱ्या माणसाच्या देखत पाहुणे असे चोरासारखे निघाले, याहून वाईट काय असतं?

आणि अचानक मला मीराबाईचे शब्द आठवले. दगडूभावजींची बायको. आम्ही दोघी भाजीबाजारात भेटायचो, नवऱ्यांना न सांगता. दरवर्षी ती एकच रड सांगायची, “आमचे हे दसऱ्याला आपट्याचं पानसुद्धा घरात आणू देत नाहीत. हत्यारांची पूजा तर नाहीच. त्याच दिवशी मुद्दाम काम काढून बसतात.”

“कोणी जायचं नाही!” मी अशी काही ओरडले की गणपत जॉबर दचकले. “मी पाना आणते. बसा सगळे. चहा करा कोणीतरी! गंगुबाई, चल.”

“कुठून आणणारेस?” ह्यांनी मान वर केली.

“तुम्हाला काय करायचंय? आणते म्हटलं ना!”

टॅक्सीत बसेपर्यंत गंगुबाईलासुद्धा सांगितलं नाही. टॅक्सीवाल्याने बॉनेटला हा एवढा हार घातलेला. मी आशेने विचारलं, “भैया, पाना है क्या? बडा वाला?”

“है ना, पर पूजा में है, मौसी.”

गंगुबाई फिदीफिदी हसायला लागली. मी म्हटलं, “हसू नकोस गं, माझा जीव जातोय!”

वरळीच्या बीडीडी चाळीत दगडूभावजी गॅलरीतच सापडले. पाण्याचा पंप उघडून बसलेले, हात कोपरापर्यंत काळे. सगळ्या दारांना तोरणं, त्यांचं एक दार बोडकं. मला बघून उभे राहिले. केस सगळे पिकलेले.

मी धापा टाकत एका दमात सांगितलं. मशीन, पट्टे, नारळ, गाव, सगळं.

“त्याने बोलावलंय?” त्यांनी विचारलं.

“नाही. खोटं कशाला बोलू? त्यांना माहीत पण नाही मी इथे आलेय ते.”

ते पुन्हा खाली बसले आणि पंपाचा एक नट फिरवायला लागले. आतून मीराबाई आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

“किंचाळला म्हणालात?”

“हो.”

“थापा मारून ऐकत बसला असणार तो.”

“काल तासभर!”

“टण्ण वाजेपर्यंत आवळला?”

“कबुतरं उडाली हो, भावजी!”

दगडूभावजी हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. “येडा आहे! अजून तसाच येडा आहे!” म्हणता म्हणता हात पुसले आणि खणातून पिशवी ओढली. पाने, जॅक, पहार, सगळं धडाधड पिशवीत. मीराबाई पदराने डोळे पुसत होती.

टॅक्सीत मात्र ते खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, “वहिनी, मी का पूजा करत नाही माहितीय? आत गेलो त्या दिवशीच तो मान गेला माझा. उगाच देवीपुढे कशाला बसायचं?”

गंगुबाईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

शेडच्या दारात टॅक्सी थांबली. दगडूभावजी पिशवी घेऊन उतरले आणि सगळा गलबला बंद झाला. चहाचे कप हातातच राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, “हा कशाला आणलाय? लॉरीतून जाणारा!” म्हाताऱ्यांची तोंडं वळली. गणपत जॉबरनी काठी घट्ट धरली.

हे पायरीवरून उठले. दोघं समोरासमोर.

दगडूभावजींनी पिशवी खाली ठेवली. “पाना आणलाय. ह्याला हळद लागलेली नाही. कितीतरी वर्षांत नाही लागली. तू घे, काम कर. मी बाहेर थांबतो.”

आणि वळले की! मी तोंड उघडणार, एवढ्यात ह्यांनी हात वर केला. दोन बोटं वाकवली आणि मनगट खाली ओढलं.

दगडूभावजी थांबले. मग पिशवीतून पहार काढली आणि सरळ जाऊन मशीनच्या डाव्या पट्ट्याखाली घातली.

मिलमधला हातवारा होता तो! ना साच्यांचा दणका, ना काही, शेडमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी, आणि हे दोघं म्हातारे हातांनी बोलत होते. हे तळवा दाखवायचे, की ते जॅक चढवायचे. ते कोपर हलवायचे, की हे बोल्ट सोडायचे. एकदा दगडूभावजींनी नाकाला अंगठा लावून काहीतरी केलं आणि हे खुदकन हसले. शिवी असणार, नक्की! म्हाताऱ्यांमधले काहीजण नकळत पुढे सरकले. गणपत जॉबरसुद्धा. त्यांचीही बोटं काठीवर हलत होती.

“चाक सरळ धरा रे!” तेच पहिले ओरडले. “दगडू, डावीकडे बघ, डावीकडे!”

डावा झाला, उजवा झाला. नाखवांनी पट्ट्याखाली हात घालून बघितलं. “चार बोटं. बराबर!”

ह्यांनी पट्ट्यावर थाप मारली. भद्द!

ह्यांचं तोंड कडू झालं. जित्याची खोड ती! हाताने आपोआप पाना उचलला. तसा दगडूभावजींनी आपल्या काळ्या तळहाताने बोल्ट झाकला.

“राहू दे, जयवंता,” ते म्हणाले. “तो आवाज आता नाही यायचा.”

ह्यांनी पाना खाली ठेवला.

“कुशाबा, चढ!”

इंजिन धडधडलं आणि मशीन चाललं हो! हू की चू न करता चाललं! शेडच्या बाहेर गेलं, जागच्या जागी गर्रकन वळलं, ओल्या मातीवर पट्ट्यांची नक्षी उमटवत आलं आणि फळ्यांवरून ट्रेलरवर असं चढलं की जसं काही रोजचंच आहे. काय टाळ्या! काय शिट्ट्या! गंगुबाईने मला मिठी मारून गरागरा फिरवलं. नाखवा त्यांच्या कोळी बोलीत काय काय ओरडत होते, मला अर्धं कळलं नाही. कुशाबा वरून हात जोडत होता. मी रडत होते, हसत होते, मला काही म्हणजे काही सुधरत नव्हतं.

ट्रेलर गेला. मग आपट्याची पानं वाटणं सुरू झालं. सोनं घ्या, सोनं घ्या, पाया पडणं, मिठ्या. त्या गडबडीत दगडूभावजी कोपऱ्यात आपली पिशवी आवरत होते. कोणी त्यांना सोनं दिलं नव्हतं, आणि त्यांनी कोणाकडे मागितलंही नव्हतं.

हे सरळ त्यांच्याकडे गेले. पिशवी ओढून घेतली आणि उलटी करून एकेक हत्यार बाहेर काढलं. पाना आपल्या नव्या सदऱ्याच्या टोकाने पुसला, देवीपुढे बाकीच्या पान्यांच्या शेजारी मांडला. मग जॅक. मग पहार. हळद लावली, कुंकू लावलं, वर फूल वाहिलं.

“अरे, काय करतोस?” दगडूभावजी म्हणाले. “तिकडे पंप उघडा टाकून आलोय मी. लोक पाण्यासाठी खोळंबलेत.”

“आता नाही उचलता येणार,” हे म्हणाले. “पूजेत बसलीत. जॉबरना विचार.”

सगळे गणपत जॉबरांकडे बघायला लागले. ते काठी टेकत पुढे आले, हातातलं आपट्याचं पान दगडूभावजींच्या काळ्या तळव्यावर ठेवलं. “उत्तरपूजेशिवाय नाही,” म्हणाले. “उद्या ये न्यायला.”

दगडूभावजींनी पान वरच्या खिशात ठेवलं, रिकामी पिशवी खांद्यावर टाकली आणि चालायला लागले. मी टॅक्सी करू का विचारलं, तर नको म्हणाले.

बंदराच्या रस्त्यावरून ते लांब गेले. हे दारात उभे होते. वळणापाशी दगडूभावजी थांबले, मागे वळले आणि त्यांनी एक बोट वर केलं.

ह्यांनीही केलं.